‘आपसांत मिटवा’ म्हणण्याआधी: घरगुती संकटाच्या कॉलसाठी पोलीस ठाणं कसं तयार करावं

घरगुती हिंसेवरचं पोलिसांचं एक दिवसाचं प्रशिक्षण आपल्याकडे गोव्यात बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं. सकाळी समई, मग प्रोजेक्टरवर कलमं, दुपारी जेवण, जेवणानंतर डुलक्या, शेवटी फोटो. पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला एखाद्या वाड्यावरून (वस्तीवरून) फोन येतो आणि ड्यूटीवरचा कॉन्स्टेबल प्रशिक्षणाआधी जे म्हणायचा तेच म्हणतो, ‘‘नवरा-बायकोचं आहे ना? सकाळी या.’’

त्याला दोष देऊन भागत नाही. त्याला नवऱ्याच्या क्रूरतेबद्दलचं कलम ८५ शिकवलं, पण फोन उचलल्यावर तोंडातून पहिलं वाक्य कोणतं काढायचं हे कुणी शिकवलं नाही. पुढचा क्रम ठाण्याच्या पीआयसाठी (पोलीस निरीक्षकासाठी) आणि प्रशिक्षक म्हणून बोलावल्या जाणाऱ्या समुपदेशक-वकिलांसाठी आहे. मी दुसऱ्या गटातली. खाली लिहिलेल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

क्रम असा ठेवायचा: फोन, दार, बोलणं, धोक्याचे प्रश्न, त्यानंतर कायदा, मग लिखाण. कायदा पाचवा येतो. तो पहिला ठेवला की बाकीचं कुणी ऐकत नाही, कारण कलमं लिहून घेतली की शिकून झालं असं वाटतं.

## १. तीन आठवडे आधी: स्टेशन डायरी वाचा

पीआयची परवानगी घेऊन मागच्या सहा महिन्यांची स्टेशन डायरी आणि अदखलपात्र (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा) गुन्ह्यांचं रजिस्टर बघा. नावं झाकून घ्या, तुम्हाला ती नकोतच. घरगुती नोंदींचे चार ढीग करा: नवरा-बायको, म्हातारे आईवडील आणि मुलगा-सून, दारू किंवा मानसिक आजार किंवा जीव देण्याची धमकी, आणि भावाभावांतली मालमत्ता.

प्रत्येक ठाण्याचे ढीग वेगळे निघतात, आणि सरावाचे प्रसंग त्यावरूनच ठरवायचे. किनाऱ्यालगतच्या ठाण्यात भाड्याच्या एका खोलीत राहणारं कर्नाटकातलं किंवा उत्तरेकडचं जोडपं असतं. सासष्टीत तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) नवरा सहा-आठ महिन्यांनी बोटीवरून परत येतो आणि पैशांचा हिशेब मागतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांत घटनास्थळी पोचायलाच वेळ लागतो, म्हणून तिथे फोनवरचा सराव दुप्पट करावा लागतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे भाऊ मूळ घरात जमतात आणि आरती झाल्यावर वाटणीचा विषय निघतो, हे गोव्यातल्या कुठल्याही हवालदाराला सांगावं लागत नाही.

मग भिंतीवर लावायचा एक कागद तयार करा. ११२, रुग्णवाहिकेचा १०८, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मोफत कायदा सल्ल्यासाठी १५१००. त्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं (हिंसा सोसणाऱ्या बाईला कायद्याची मदत मिळवून देणाऱ्या अधिकाऱ्याचं) नाव आणि मोबाइल, सखी केंद्र (पीडित महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र), जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि तिथलीच मनोविकार संस्था. ठाण्यात कन्नड, तेलुगू, बंगाली कुणाला येतं त्यांची नावंही याच कागदावर हवीत.

तपासणी: कागदावरचा प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. एका ठाण्याच्या भिंतीवरचा संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर मी लावला तेव्हा पलीकडून कुणीतरी विचारलं, ‘‘झेरॉक्स किती पानं?’’

## २. माणसं, खोली आणि दोन इशारे

एका तुकडीत अठराहून जास्त माणसं नकोत. ठाणं रिकामं करता येत नाही, तेव्हा दोन तुकड्या धरून चाला. रात्री फोन कोण उचलतो, गाडी कोण चालवतो, काउंटरवर कोण बसतो, यांची नावं पहिली लिहा. ड्रायव्हरला हमखास वगळलं जातं. प्रत्यक्षात दारात सगळ्यात आधी पोचलेल्या दोघांपैकी एक तोच असतो. होमगार्डचंही तसंच.

पीआयसाहेबांनी सुरुवातीला पाच मिनिटं बोलावं आणि निघावं. शेवटच्या तासाला परत यावं. साहेब बसलेले असले की कॉन्स्टेबल खरं बोलत नाही आणि सरावात चुकत नाही. चुकला नाही तर शिकणार काय?

प्रशिक्षक दोन हवेत: एक पोलिसातला, एक बाहेरचा. फक्त बाहेरचा असेल तर ‘यांना रस्त्यावरचं काय माहीत’ असं होतं. फक्त पोलिसातला असेल तर सगळे ओळखीच्या सवयींवर येऊन थांबतात.

परदेशात संकट हाताळणीचा ४० तासांचा अभ्यासक्रम चालतो. आपल्याला फार तर दोन अर्धे दिवस मिळतात. ते सलग घेऊ नका. मध्ये एक आठवडा जाऊ द्या, त्या आठवड्यात खरे फोन येतील आणि दुसऱ्या सत्राला माणसं प्रश्न घेऊन येतील.

इशारा: सरावाच्या खोलीत पिस्तूल, लाठी, खरा कोयता, काहीच नाही. दाराशी एकाने तपासून आत सोडायचं.

इशारा: अठरा जणांत कुणीतरी हे स्वतःच्या घरी भोगलेलं असतं. कुणीतरी केलेलंही असतं. पहिल्याच मिनिटाला सांगा की कुणालाही, कधीही, कारण न देता बाहेर जाता येईल. आणि त्या भागातली खरी केस सरावाला घेऊ नका. मी एकदा गाव बदलून, नावं बदलून घेतली होती. मागच्या रांगेतली एक कॉन्स्टेबल उठून गेली, ती परत आली नाही. केस तिच्या मावसबहिणीची होती. गोवा एवढंसं आहे, इथे नाव बदलून काही लपत नाही.

## ३. पहिला सराव: फोन

दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा. चेहरा दिसता कामा नये. एक जण फोन करतो, दुसरा उचलतो, बाकीचे घड्याळ बघतात.

विचारायचा क्रम ठरलेला आहे:

१. ‘‘तुम्ही कुठे आहात?’’ फोन कधीही तुटू शकतो, म्हणून हे सगळ्यात आधी. घर नंबरावर गोव्यात कुणाचं घर सापडत नाही. खुरीस (क्रूस), देऊळ, तावेर्न (दारूचं दुकान), बसथांबा, कुणाचं गॅरेज, असं विचारा.

२. ‘‘तो माणूस आत्ता जवळ आहे का? नुसतं हो-नाही म्हणा.’’ तो जवळ असेल तर पुढचे सगळे प्रश्न हो-नाहीचे करायचे.

३. कुणाला लागलंय का? हातात काही आहे का?

४. घरात मुलं, म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेलं कुणी?

५. दारू, गोळ्या, जीव देण्याची भाषा?

शेवटी ‘‘गाडी निघाली आहे’’ असं सांगायचं, पण ते खरं असेल तरच. बाई बोलू शकत असेल आणि तिला फोन चालू ठेवणं धोक्याचं नसेल तर फोन ठेवू नका.

नेहमीच्या चुका: ‘‘त्याच्याकडे फोन द्या, मी बोलतो.’’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक तुकडीत पहिल्या फेरीत येतं. फोन कुणी केला हे त्याला कळतं आणि गाडी पोचेपर्यंतची वीस मिनिटं त्या बाईला एकटीनं काढायची असतात. दुसरी चूक म्हणजे ‘‘याआधी तक्रार केली होती का?’’ हे सुरुवातीलाच विचारणं. ऐकणारीला त्याचा अर्थ ‘नव्हती केली तर आता कशाला’ असा लागतो.

तपासणी: पहिल्या अर्ध्या मिनिटात ठिकाण लिहून झालं पाहिजे. झालं नाही तर फेरी पुन्हा. मी पाच-पाच वेळा करून घेते, कंटाळा येतो, चालतं.

## ४. दुसरा सराव: दार

याला सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान दोन तास. पोलीस क्वार्टर्समधली एखादी रिकामी खोली मिळाली तर उत्तम. नाही तर जमिनीवर खडूनं दोन घरं आखा. एक जुनं गोंयकाराचं घर: पुढे बाल्कांव (बसायची पडवी), मधे साल (बैठकीची खोली), मागे रांदचीकूड (स्वयंपाकघर) आणि तिला परसात उघडणारं दार. दुसरं भाड्याचं: एकच खोली, एकच दार, कोपऱ्यात गॅस. दोन्हींत हालचाल पूर्ण वेगळी होते, आणि पोलिसांना पहिल्याचीच सवय असते.

पोचण्याआधीच सायरन बंद. गाडी दारासमोर नको, थोडी अलीकडे. दोघं एकत्र दारात उभे राहू नका, दाराच्या बाजूला उभं राहा आणि आतला आवाज काही क्षण ऐका. मग नाव आणि हुद्दा सांगा. ‘‘आवाज ऐकू आल्याचं कळलं म्हणून आलो,’’ एवढंच कारण द्यायचं. फोन शेजारणीनं केला, मुलीनं केला, बायकोनं केला, हे कुणालाही सांगायचं नाही, विचारलं तरी नाही.

महिला कर्मचारी सोबत असावी. पण आत मारहाण चालू असेल आणि ती दुसऱ्या गाडीतून येत असेल, तर तिची वाट पाहत बाहेर उभं राहायचं नाही.

आत गेल्यावर डोळा आधी हातांवर, मग स्वयंपाकघरावर. तिथे आदोळी (विळी) आहे, कोयता आहे, पेटता गॅस आहे, उकळतं तेल आहे. बोलणं तिथे कधीच करायचं नाही, सगळ्यांना हळूहळू पुढे आणायचं. मग दोघांना वेगळं करायचं. एकाला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येऊ नये, चेहराही दिसू नये, पण दोघा पोलिसांना एकमेक दिसत राहावेत. एकाच खोलीच्या घरात हे कसं करणार? एकाला बाहेर व्हरांड्यात न्यायचं आणि दारात त्याची पाठ खोलीकडे राहील असं उभं करायचं. हे सांगून कळत नाही, खडूच्या रेघांत करून बघितल्यावरच कळतं.

तीच फेरी तीनदा करा आणि दर वेळी एक गोष्ट बदला. दुसऱ्या वेळी नवरा अगदी शांत, सुशिक्षित आणि इंग्रजीत बोलणारा असू दे, बायको मात्र ओरडणारी. तिसऱ्या वेळी सासरा दार अडवून म्हणू दे, ‘‘आमच्या घरच्या अब्रूचा प्रश्न आहे, सरपंच येतोय, तुम्ही जा.’’

दुसऱ्या फेरीत बहुतेक तुकड्या पडतात. शांत माणसाचं आधी ऐकलं जातं, ओरडणारीला ‘‘बाई, तुम्ही जरा गप्प बसा’’ म्हटलं जातं. सराव थांबवून अठरा जणांना विचारा, मार कुणी खाल्लाय असं वाटलं? मग बायकोचं काम करणाऱ्याला, फेरीआधी माराची खूण म्हणून हातावर काढून ठेवलेली खडूची रेघ दाखवायला सांगा. ती कुणी बघितलेलीच नसते.

एक युक्ती: तुकडीतल्या सगळ्यात दांडगट माणसाला बायकोची भूमिका द्या. एका हेड कॉन्स्टेबलनं अशी भूमिका केल्यावर खुर्चीत बसूनच सांगितलं, ‘‘चार खाकी माणसं अंगावर आली की काय सांगायचं तेच आठवत नाही.’’ माझ्या तासाभराच्या व्याख्यानातून हे त्याला कळलं नसतं.

चूक: मुलाला दुभाषी करणं. बाईला फक्त कन्नड येतं आणि आठ वर्षांच्या मुलीला कोकणी येतं, म्हणून मुलीला मध्ये उभं करतात. आईला बापानं कसं मारलं हे त्या मुलीनं परक्या माणसाला शब्दाशब्दानं सांगायचं? भिंतीवरच्या कागदावरच्या कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावा आणि स्पीकरवर घ्या.

## ५. तिसरा सराव: बोलणं

‘‘शांत व्हा’’ म्हटल्यानं आजवर कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. ते वाक्य बंद. समोरचा उभा असेल तर उभं राहा, बसला की बसा, खाली बसलेल्या बाईशी उभ्यानं बोलू नका. आवाज समोरच्यापेक्षा एक पट्टी खाली ठेवा. एक प्रश्न विचारला की दहापर्यंत मनात मोजा. ही दहा मोजणी पोलिसांना सगळ्यात कठीण जाते, तीन-चारवर दुसरा प्रश्न येतोच. जोड्या करून फक्त एवढ्याचाच सराव घ्या.

भाषा त्या घराची असू द्या. पणजीहून आलेलं मोठं मराठी किंवा इंग्रजी नको. ‘‘भियेनाकात, सवकास सांगात, हांव आयकतां’’ (घाबरू नका, सावकाश सांगा, मी ऐकतोय), एवढ्यानं पुष्कळ होतं.

म्हणायचं: ‘‘कितें जालें?’’ ‘‘आत्ता तुम्हाला कशाची भीती वाटते?’’ ‘‘हे आधीही झालंय का?’’

म्हणायचं नाही: ‘‘तू काय बोललीस त्याला?’’ ‘‘मग इतकी वर्षं का राहिलात?’’ ‘‘मुलांचा विचार करा.’’ ‘‘दारू उतरली की ठीक होईल.’’ हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत हे शेवटचं वाक्य फार ऐकू येतं. दारू प्यायलेला माणूस साहेबाला मारत नाही, शेजाऱ्याला मारत नाही, घरी जाऊन बायकोलाच मारतो, तेव्हा सगळं दारूवर ढकलता येत नाही.

नवऱ्याशी बोलताना अपमान करू नका, चारचौघांत थप्पड तर नाहीच. पोलीस गेल्यावर तो अपमान कुणावर निघणार हे उघड आहे.

## ६. धोक्याचे प्रश्न: गळ्याकडे बघा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण जीव इथेच जातो. हे प्रश्न बाईला एकटीला, वेगळ्या जागी विचारायचे:

त्यानं कधी गळा दाबला का? हत्यार दाखवलं का? ‘मारून टाकीन’ म्हणाला का, आणि तुम्हाला ते खरं वाटतं का? मारणं अलीकडे वाढलंय का? तुम्ही घर सोडायचं ठरवलंय का, किंवा नुकतंच सोडलंय का? गरोदर आहात का? तो पाठलाग करतो का, फोन तपासतो का? स्वतःचा जीव देईन म्हणतो का?

गळा दाबण्याचा प्रश्न कधीच वगळू नका. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, जोडीदारानं आधी गळा दाबलेल्या स्त्रीच्या बाबतीत पुढे खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक होती. शिवाय गळा आवळल्यावर बाहेर खूण अनेकदा दिसतच नाही. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके असतात, काही क्षण आठवत नाहीत, कधी नकळत लघवी झालेली असते. असं काही असेल तर बाई ‘बरी आहे मी’ म्हणाली तरी १०८ बोलवा आणि तिला डॉक्टरकडे जाण्याची निकड समजावून सांगा. सूज नंतर वाढते, काही तासांनीही जीव जाऊ शकतो.

प्रश्न कागदावरून वाचून दाखवू नका, तिला फॉर्म भरल्यासारखं वाटतं. पाठ करून, बोलताना विचारायचे. दोन-तीन उत्तरं ‘हो’ आली तर ‘सकाळी ठाण्यात या’ हा पर्याय संपला. त्याच रात्री ती कुठे झोपणार हे ठरवून मगच गाडी वळवायची: माहेर, नातेवाईक, सखी केंद्र किंवा निवारागृह.

तपासणी: फेरी संपल्यावर बाईचं काम करणाऱ्याला विचारा, ‘‘तुला गळ्याबद्दल विचारलं का?’’ उत्तर ‘नाही’ आलं तर फेरी नापास.

## ७. आता कायदा, एका पानात

भाषण नको. प्रत्येकाच्या हातात एक पान, आणि आत्ताच केलेल्या प्रसंगावर ते लावून दाखवायचं.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. त्याच्या कलम ५ नुसार तक्रार मिळालेल्या किंवा घटनास्थळी हजर असलेल्या पोलिसानं बाईला पाच गोष्टी सांगायच्याच आहेत: दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण, निवास, पैसे, मुलांचा ताबा यासाठी अर्ज करता येतो, संरक्षण अधिकारी आहे, सेवा देणाऱ्या संस्था आहेत, वकील मोफत मिळतो, आणि फौजदारी तक्रारीचा हक्कही आहे. बाईची कमाई कितीही असली तरी विधी सेवा मोफत आहे. हाताच्या पाच बोटांवर मोजून पाठ करून घ्या, मला याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

फौजदारी बाजू १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेसाठी कलम ८५, त्याची व्याख्या ८६ मध्ये. दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात. ‘आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, मग एफआयआर’ असा क्रम कायद्यात कुठेही नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ: अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अटक आपोआप करू नका, असं सांगितलं. आता त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस आहे. हे अटकेबद्दल आहे, एफआयआरबद्दल नाही. ‘सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचं आहे, अटक नाही, म्हणून एफआयआर नाही’ अशी साखळी मी अनेक ठाण्यांत ऐकली आहे. ती तोडायला अर्धा तास गेला तरी चालेल. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालानं २०१३ मध्ये वैवाहिक प्रकरणांत प्राथमिक चौकशीला जागा ठेवली आहे, पण ती दखलपात्र (पोलिसांना थेट नोंदवून तपास करता येतो असा) गुन्हा दिसतो का एवढंच बघण्यासाठी. जोडप्याला महिनाभर ‘समुपदेशना’ला बोलावत राहणं म्हणजे प्राथमिक चौकशी नव्हे.

न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत ठाण्यात आली की ती फाइलमध्ये पुरून ठेवू नका, बीटवरच्या माणसाला वाचून दाखवा.

आता खास गोव्यातलं. ‘घर त्याच्या नावावर आहे, तुम्ही माहेरी जा’ हे पोलिसानं कधीच म्हणू नये. एकतर २००५ च्या कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या नागरी संहितेत लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. कागदावर कुणाचं नाव आहे याचा निवाडा रात्री बारा वाजता हवालदारानं करायचा नसतो. भावाभावांच्या वाटणीतही तेच: इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी आणि वाटणीची प्रक्रिया) न्यायालयात होते, पोलिसांनी फक्त हातघाई थांबवायची.

## ८. तीन वेगळी दारं

मानसिक आजार. मुलगा घरात सामान फोडतोय, आई बाहेर रडतेय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे: बाहेर भटकताना आढळलेल्या अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेतलं तर २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि कोठडीत कधीच ठेवायचं नाही. घरात असेल तर डॉक्टर आणि १०८ ला आणा. तातडीच्या उपचारासाठी कायद्यात ७२ तासांपर्यंतची सोय आहे आणि मनोविकार संस्थेत पोचवणंही तिच्यात धरलेलं आहे. सरावात एकच गोष्ट पक्की करा: एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी मागे राहायचं. चार जण चार सूचना देऊ लागले की घाबरलेला माणूस हात उगारतो.

जीव देण्याचा प्रयत्न. ‘गुन्हा नोंदवू’ अशी भीती घालू नका. त्याच कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालतं आणि त्याच्यावर खटला चालवू देत नाही. हे अजूनही अनेकांना माहीत नाही.

मुलं आणि म्हातारी माणसं. मुलाशी बोलायचं तर गणवेशात नको. ठाण्याचा बालकल्याण पोलीस अधिकारी कोण हे प्रत्येकाला माहीत हवं. काळजीची गरज असलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे गेलं पाहिजे, आणि मुलावर अत्याचार दिसला तर २००३ चा गोवा बाल कायदा विसरू नका. म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीत मुलाच्या उपस्थितीत विचारू नका, ‘सगळं बरं आहे’ हेच उत्तर येईल. औषधं कुठे आहेत, जेवण कोण देतं, पेन्शनचं पासबुक कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न पुरेसे असतात. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा निर्वाहासाठी न्यायाधिकरणाची वाट देतो.

## ९. लिखाण

‘घरगुती वाद. दोन्ही पक्षांना समजावून सोडले.’ सहा महिन्यांच्या डायरीत हे वाक्य किती वेळा आलं ते मोजून पहिल्या सत्रात फळ्यावर लिहा. नंतर प्रत्येकाला सरावातल्याच प्रसंगाची नोंद दहा मिनिटांत लिहायला लावा.

नोंदीत काय हवं: कॉल आणि पोचण्याची वेळ, आत कोण होतं, बाई म्हणाली ते तिच्या शब्दांत, कोकणीत बोलली तर कोकणीत, डोळ्यांनी दिसलेलं, जसं तुटलेली बांगडी, उलटलेली खुर्ची, ओठावरचं रक्त, मुलं कुठे होती, गळ्याचा प्रश्न विचारला का आणि उत्तर काय आलं, कलम ५ च्या पाच गोष्टी सांगितल्या का, संरक्षण अधिकाऱ्याला कळवल्याची वेळ, ती रात्री कुठे गेली.

काय नको: ‘किरकोळ’, ‘आपापसांत’, ‘गैरसमज’, ‘तक्रार नाही’. शेवटचं नवऱ्यासमोर विचारून लिहिलेलं असेल तर त्याला काडीची किंमत नाही. गळा आवळल्याची नोंद अदखलपात्र मारहाणीत करणं ही तर घोडचूक, ती वरिष्ठांना दाखवूनच कलम ठरवा. फोटो मोबाइलवर काढले तर कधी, कुणी, कोणत्या फोनवर काढले ते लिहा. न्यायालयात असा डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

एकमेकांच्या नोंदी अदलाबदल करून वाचायला द्या. वाचणाऱ्यानं फक्त एकच सांगायचं: ‘‘ही नोंद वाचून उद्या सकाळच्या शिफ्टमधल्या मला काय करायचं ते कळलं का?’’ बहुतेक नोंदींवर खोली हसते. हसू द्या.

## १०. तीस आणि नव्वद दिवसांनी

शेवटच्या फीडबॅक फॉर्मवर सगळे ‘उत्कृष्ट’ लिहितात. तो गोळा करण्यात वेळ घालवू नका. तीस दिवसांनी डायरी पुन्हा उघडा आणि नव्या नोंदी बघा. ‘समजावून सोडले’ कमी झालं का? गळ्याचा प्रश्न किती नोंदींत आहे? संरक्षण अधिकाऱ्याला कळवल्याची वेळ लिहिली आहे का? एकच कॉन्स्टेबल चांगलं लिहीत असेल तर प्रशिक्षण त्याच्यापुरतं झालं, उरलेल्यांना पुन्हा बसवा.

नव्वद दिवसांनी एका रात्री, पीआयला आधी सांगून, ठाण्याच्या नंबरवर सरावाचा फोन करा. मी गेल्या वेळी केला तेव्हा रात्रीच्या ड्यूटीवर नवीन बदली होऊन आलेला मुलगा होता. प्रशिक्षणाला तो नव्हता. पण भिंतीवरचा कागद समोर होता आणि कुणीतरी त्यावर पेनानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘आधी जागा विचार’. त्यानं जागा विचारली. पुढे मात्र म्हणाला, ‘‘त्याच्याकडे फोन द्या जरा.’’ त्यामुळे पुढच्या तुकडीत पहिलं नाव त्याचं आहे.